दार दोन हातांनी

गाडी आली त्या दिवशी बाबांनी आधी बॉनेट उघडलं
आणि तसेच उभे राहिले,
जेवायला बोलावून
झाकण लावलेलं पातेलं पुढे ठेवावं कुणी, तसे.

काळं प्लास्टिक. त्यावर कंपनीचं नाव.
"इंजिन कुठाय?"
"त्याच्याखाली असेल."
"असेल म्हणजे?"

एकतीस वर्षं पोर्वेनीरच्या फेरीबोटीवर,
पाण्याच्या रेषेखालच्या खोलीत,
एलादियो बार्रीया, दुय्यम इंजिनवाले,
पण मुख्य माणूस ज्यांना विचारायचा ते.
पंप खोकला तर झोपेतून उठायचे.
अंगाला डिझेलचा असा वास
की आई त्यांच्या उशीचा अभ्रा वेगळा धुवायची.

या करड्या गाडीला खोकला नाही, वास नाही.
"दहा हजार किलोमीटरला घेऊन या,"
शोरूममधला पोरगा म्हणाला,
"तोवर काही करू नका."
काही करू नका!
रात्री जेवताना बाबांनी ते वाक्य दोनदा उच्चारलं,
कुणी भर रस्त्यात शिवी दिल्यासारखं.

हात शिवशिवत होते. काम शोधलंच त्यांनी.
रविवारी, चाकं थंड असताना, हवा मोजायची:
तेहतीस, तेहतीस, बत्तीस, तेहतीस.
त्या बत्तीसवर त्यांचा कायमचा संशय.
निळ्या वहीत तारीख, आकडे, वाऱ्याची दिशा.
वाऱ्याची दिशा कशाला, मी विचारलं नाही,
बोटीवरची सवय असणार.
रस्त्यावर मीठ पडायला लागलं
की दर तिसऱ्या दिवशी गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा.
काचेवरच्या बर्फावर उकळतं पाणी कधीच नाही.
(का, ते आईला विचारा. जुन्या गाडीची काच तिनं तडकवली होती.)
वायपरची पाती रात्री उभी ठेवायची.
वारा असेल तर आडवी.

वारा असतोच.

पुन्ता आरेनासमध्ये गाडी इंजिनानं म्हातारी होत नाही,
दारांनी होते.
तुम्ही अर्धं उघडता, उरलेलं तो उघडतो,
आणि मागे मुडपतो, कोंबडीची तंगडी मोडावी तसं.
म्हणून बिजागऱ्यांना ग्रीस,
गाडीचं नाक वाऱ्याकडे,
आणि दार दोन हातांनी.
सहा वर्षांची इग्नासिया उतरताना हे पाढ्यासारखं म्हणते.
शेजारच्या डॉब्रिलाबाई एका हातानं उतरल्या,
तर बाबांनी त्यांना परत आत बसवलं.

जूनमधली संध्याकाळ. सहा वाजता मिट्ट काळोख.
मासळीच्या कारखान्यातून मी बाहेर आले,
बोटांना अजून खेकड्यांचा गारठा,
चावीचं बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं.
माहितीचं पुस्तक गाडीत, गाडी बंद.
घरी फोन केला.
"चावी मेली? चावी कशी मरेल?"
मागून आईचा आवाज, मग बराच वेळ कुजबुज.

बाबा बसनं आले,
अकरा किलोची पान्यांची पेटी घेऊन.
पेटी खाली ठेवली. उघडलीच नाही.
शर्टाच्या खिशातून कागदी रुमालाची पुडी काढली,
पुडीत रुपेरी टिकलीएवढा सेल,
आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा.
दातांनी हातमोजा ओढला,
दिव्याच्या खांबाखाली चष्मा कपाळावरून डोळ्यांवर,
सुरीच्या टोकानं चावी उघडली,
एकदा उलटा बसवला, पुटपुटले, मग सुलटा.

गाडीनं दोन्ही डोळे मिचकावले.

घरी येईपर्यंत पेटी मांडीवरच;
नव्या सीटवर ठेवू देईनात.
बोलले काहीच नाहीत, फक्त वळणावर एकदा हसले,
माझ्याकडे न बघता.
रात्री वहीत पाहिलं:
सेल बदलला. पश्चिमेचा वारा.

त्या रविवारी आईनं पिठाचा अंदाज हातानं घेतला.
पाव थोडा घट्ट झाला.